उतारूंची नोंदवही

सरकारी विश्रामगृहात पाऊल टाकले, की चौकीदार आधी पाणी आणतो आणि त्याच्या पाठोपाठ जाड पुठ्ठ्याची एक लांबट वही आणतो. नाव, हुद्दा, कोठून आलात, कोठे जाणार, कामाचे स्वरूप, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, भाडे आणि शेवटी शेरा. वीस वर्षांच्या नोकरीत हे रकाने मी इतक्या वेळा भरले आहेत, की आता हात आपोआप चालतो. पत्नी बरोबर असली, की नावापुढे 'सपत्नीक' असे लिहितो. घाई असली, तर नुसते 'व एक'. हे 'एक' म्हणजे कोण, असे आजवर मला कोणत्याही चौकीदाराने किंवा हिशेबतपासनिसाने विचारलेले नाही.

विचारले ते पत्नीने. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. २००६ सालच्या जानेवारीत मध्य प्रदेशातील एका तालुक्याच्या गावी आम्ही रात्री दहाच्या सुमारास पोहोचलो. विश्रामगृहाच्या दोन खोल्या. पैकी एकीचे छप्पर उतरविलेले. दुसरीत एक वृद्ध जोडपे निजले होते. शेवटची मोटार चुकली म्हणून चौकीदाराने दया येऊन त्यांना जागा दिली होती. आमची गाडी पाहताच त्याने त्यांना उठविले आणि त्यांची वळकटी मागच्या पडवीत नेऊन ठेवली. मला हे कळले नाही, असे म्हणण्याची सोय नाही. मी पायरीवर उभा राहून पाहत होतो. आरक्षण माझे होते, नियम माझ्या बाजूने होता, आणि मी थकलो होतो. पत्नीने आमच्यातली एक रजई नेऊन त्या बाईंना दिली व बराच वेळ ती तिकडेच बसून राहिली. पहाटेच्या मोटारीने ती दोघे निघून गेली. सकाळी वही समोर आली, तेव्हा माझ्या नावाच्या वरची ओळ तांबड्या शाईने खोडलेली होती : एक नाव, पुढे 'सेवानिवृत्त शिक्षक', आणि पुढे 'व एक'. वाटेत पत्नी म्हणाली, "त्या बाईंचे नाव विचारायचे राहिले. म्हटले, वहीत असेल. तर तुमच्या वहीतही नाही."

'तुमच्या वहीत' हा शब्द मला लागला. एम्. ए. ला मी इतिहास घेतला होता. तेव्हापासून वाटेवरच्या छपरांविषयी जे जे वाचनात येई, ते या वहीच्या अंगाने वाचण्याची मला सवय जडली.

वही फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत धर्मशाळेच्या चालकाने पाखंडी व वाटसरू यांना उतरू देण्यापूर्वी वर वर्दी द्यावी, असा नियम आहे. गृहस्थानेही घरी कोण आले आणि कोण गेले ते कळवायचे आहे. म्हणजे थकल्या माणसाला छप्पर देणे आणि त्याच्यावर नजर ठेवणे, ही दोन कामे आपल्याकडे आरंभापासून एकाच दाराशी चालत आली. अकबराच्या कोतवालापासून इंग्रजांच्या मॅजिस्ट्रेटापर्यंत धनी बदलले, काम तेच राहिले. १८६७ साली सरायांचा कायदा झाला. त्यान्वये प्रत्येक सरायवाल्याने जिल्हा मॅजिस्ट्रेटाच्या दप्तरी नोंद करावी आणि हुकूम झाल्यास सरायीत उतरलेल्यांची खबर द्यावी, असे ठरले. ज्या खुर्चीवर पुढे मी बसलो, तिच्या अंगी ही चौकशीची खोड किती पूर्वीची आहे, हे तो कायदा वाचताना ध्यानात आले.

परंतु याच परंपरेत दुसरेही एक लेखन आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरविले. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली ही गोष्ट. त्याच्या शिलालेखात दानांची मोठी यादी आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, नाशिकचा परिसर आणि नालासोपारा, या ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी निवासस्थाने बांधली. पारदा, दमण, तापी, डहाणुका इत्यादी नद्यांवर लोकांना पैलतीरी नेण्यासाठी फुकट नावा ठेवल्या. समुद्रावरून घाटमाथ्याकडे येणाऱ्या व्यापारी वाटेचा प्रवासी नदी कशी ओलांडेल आणि रात्री कोठे निजेल, याची काळजी एका राजपुरुषाने दगडावर लिहून ठेवली आहे.

हा लेख बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच लेण्यात आतल्या खोलीच्या दारावर एक छोटा लेख आहे, तिकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ही खोली नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको दक्षमित्रा हिचे दान, एवढाच त्याचा आशय. बापाचे नाव आहे, नवऱ्याचे आहे, नवऱ्याच्या बापाचेही आहे. परंतु त्या सगळ्या पुरुषांच्या गर्दीत 'दखमित्रा' हे तिचे नाव आहेच. पहिल्यांदा ते वाचून दाखविले, तेव्हा पत्नी हसून म्हणाली, "हिला 'व एक' लिहिले नाही म्हणायचे."

तिच्या त्या बोलण्यावरून मी पुढे शोधू लागलो, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. छपरे बांधणाऱ्यांत बायकांची नावे ठळक आहेत. दिल्लीच्या चांदणी चौकात शहाजहानची कन्या जहानआरा हिने सराय बांधली. बर्नियर या फ्रेंच प्रवाशाने ती १६६३ च्या सुमारास पाहिली आणि अशा वास्तू पॅरिसमध्ये असत्या, तर परक्या माणसाची तेथे एवढी तारांबळ उडाली नसती, अशा अर्थाचे लिहिले. अहिल्याबाई होळकरांच्या धर्मशाळा, घाट आणि विहिरी हिमालयातल्या तीर्थांपासून रामेश्वरापर्यंत पसरल्या. पण त्या सरायींत, त्या धर्मशाळांत ज्या लक्षावधी बायका नवऱ्याच्या मागून डोक्यावर बोचके घेऊन शिरल्या, चूल मांडून भाकरी भाजून पहाटे निघून गेल्या, त्यांच्यापैकी किती जणींची नावे आपल्याला ठाऊक आहेत? वास्तविक धर्मशाळेत जागा मिळे ती बायकोमुळे. एकट्या पुरुषाला पुष्कळ ठिकाणी दारातूनच परत लावीत. कुटुंब बरोबर असले, म्हणजे तो सभ्य ठरे आणि तीन दिवसांची खोली, भांडी व सतरंजी मिळे. जिच्या आधाराने दार उघडे, तिची नोंद नसे.

डाकबंगल्याचा प्रकार निराळा. कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मोठमोठ्या रस्त्यांवर हे बंगले बांधले. खानसामा, एक टेबल, दोन खाटा, आणि साहेबाची गाडी फाटकाशी दिसली, की कापली जाणारी कोंबडी. चोवीस तास राहून झालेल्या उतारूने नव्याने आलेल्याला जागा करून द्यावी, असा तेथे नेम असे. मला तो नेम मोठा न्याय्य वाटतो, कारण त्यात हुद्द्याचा प्रश्न नाही; जो आधी विसावला, त्याने उठावे. मीही त्या रात्री एका दमलेल्या जोडप्याला उठविलेच होते. फक्त ती दोघे विसावून चोवीस तास झाले नव्हते.

मग आले हॉटेल. कलकत्त्यास डेव्हिड विल्सनने १८४० च्या सुमारास काढलेले ऑकलंड हॉटेल पुढे 'ग्रेट ईस्टर्न' म्हणून गाजले. मुंबईत विलायतेहून ओतीव लोखंडाचे सुटे भाग आणून वॉटसन हॉटेल उभारले गेले. काळ्या घोड्याजवळची ती इमारत पुढे एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ओळखली जाऊ लागली. १८९६ सालच्या जुलैत ल्यूमिएर बंधूंचा चलच्चित्रपट तेथे दाखविला गेला, हे सर्वांना माहीत असते. त्याच वर्षीच्या जानेवारीत तेथे एक दांपत्य उतरले होते. सॅम्युअल क्लेमेन्स, म्हणजेच मार्क ट्वेन, आणि त्याची पत्नी ऑलिव्हिया. धाकट्या दोन मुलींपैकी क्लारा बरोबर होती. थोरली सूझी आणि सर्वांत लहान जीन अमेरिकेतच राहिल्या होत्या.

हौसेचा प्रवास तो नव्हता. अक्षरे जुळविण्याच्या एका यंत्रात ट्वेनने पैसा घातला आणि तो बुडाला; १८९४ साली त्याची प्रकाशनसंस्थाही बुडाली. साठीच्या उंबरठ्यावर या माणसाने जगभर व्याख्याने देऊन कर्ज फेडण्याचे ठरविले आणि ऑलिव्हिया, प्रकृती नाजूक असूनही, त्याच्याबरोबर निघाली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन, मग मुंबई. पुढे बडोदे, अलाहाबाद, काशी, कलकत्ता, दार्जिलिंग, लखनौ, दिल्ली, लाहोर, जयपूर. मुंबईत पोहोचला तेव्हा तो खोकल्याने बेजार होता आणि पहिले काही दिवस हॉटेलाच्या खोलीतच पडून होता.

त्या हॉटेलातला एक प्रसंग त्याने आपल्या १८९७ सालच्या प्रवासग्रंथात लिहिला आहे. खोली दाखवायला आलेल्या एका धिप्पाड जर्मन माणसाने, दारात काही तरी बिघाड दिसताच, हिंदी नोकराच्या जबड्यावर ठोसा मारला आणि चूक काय झाली ते मागाहून सांगितले. नोकर काही बोलला नाही. ते पाहून ट्वेनला आपले अमेरिकेतले बालपण आठवले. तेथे गुलामाला असेच मारीत आणि मुलांना त्यात काही वावगे वाटत नसे. क्षणार्धात मन मुंबईहून मिसूरीतल्या त्या खेड्यात जाऊन परत आले, असे तो म्हणतो. पुस्तकातली ती पाने मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. मी पायरीवर उभा होतो, हे मला त्या पानांत दरवेळी आठवते.

ऑलिव्हियाचे त्या ग्रंथात काय झाले? ती आहे, परंतु बहुतेक 'आम्ही' या शब्दाच्या आड. हस्तलिखित तिने वाचले, अमुक पानावर हे फार सविस्तर झाले, तमुक शब्द नको, अशा सूचना केल्या; त्याने काही मानल्या, काहींवर विनोद केला. मुखपृष्ठावर नाव त्याचे. आणि या प्रवासाची खरी किंमत तिने मोजली. फेरी संपवून ती इंग्लंडला पोहोचली, तोच सूझी आजारी असल्याचे कळले. ऑलिव्हिया क्लाराला घेऊन जहाजावर चढली. १८ ऑगस्ट १८९६ रोजी, आई भर समुद्रात असताना, चोविसाव्या वर्षी सूझी वारली. कर्ज पुढे पैन् पै फिटले.

आपल्याकडे याच सुमारास एका स्त्रीने हा 'आम्ही' फोडून दाखविला. १८८६ साली न्यायमूर्ती रानडे फायनान्स कमिटीच्या कामावर गेले. सिमला, कलकत्ता अशा त्या मुक्कामांत रमाबाई त्यांच्याबरोबर होत्या. न्यायमूर्ती कलकत्त्यास हजामत करून घेता घेता न्हाव्याकडून बंगाली शब्द विचारून घेत, ही गोष्ट आज आपल्याला कळते, ती १९१० साली आलेल्या रमाबाईंच्या आठवणींमुळे. सरकारी दप्तरात त्या सहलीची नोंद न्यायमूर्तींच्या भत्त्यापुरती असणार.

नोंदवहीची सर्वांत दारुण कथा मात्र जोडप्याची नाही, एकट्या पदवीधराची आहे. ज्या बडोद्यात महाराजांचा पाहुणा म्हणून ट्वेन हत्तीवर बसला, त्याच बडोद्यात १९१७ साली डॉ. आंबेडकर नोकरीवर रुजू होण्यासाठी आले. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकून आले होते. परदेशातील वास्तव्यात अस्पृश्यतेचा जवळजवळ विसर पडला होता. स्टेशनावर उतरताच प्रश्न पडला, राहावे कोठे? हिंदू खानावळीत जागा मिळणार नव्हती. एका पारशी सरायीत ते गेले. तेथील नियमानुसार पारशाखेरीज कोणाला उतरता येत नसे आणि रखवालदाराला नोंदवही भरावी लागे. शेवटी वहीत पारशी नाव घालायचे ठरले. त्या नावाखाली ते थोडे दिवस राहिले. एके सकाळी हातांत काठ्या घेतलेले दहाबारा पारशी जिना चढून आले. पारशी नाव घेऊन सराय बाटविलीस, हा त्यांचा आरोप. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

१९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पैशांतून चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे मान्य केले. आणि १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने व उपाहारगृहे यांच्या जोडीला हॉटेल हा शब्द स्पष्टपणे आला. ज्यांना वहीत परके नाव घालावे लागले, तेच त्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते.

आता शेवटची एक आठवण. २०१७ सालच्या शरदात आम्ही दोघे क्योतोला गेलो होतो. लहानसे, लाकडी, जुन्या पद्धतीचे उतारघर. मालकीणबाईंनी दोन निरनिराळे कागद पुढे केले. तेथील रिवाजानुसार प्रत्येक उतारूने आपापला भरायचा. नाव, पत्ता, व्यवसाय. परदेशी माणसाने राष्ट्रीयत्व आणि पारपत्राचा क्रमांकही. सवयीने मी दोन्ही कागद ओढून घेतले. पत्नीने आपला परत घेतला. नाव झाले, पत्ता झाला. व्यवसायाच्या रकान्यापाशी तिची लेखणी थांबली. मला वाटले, 'गृहिणी' लिहील. तिने वर न पाहता 'शिक्षिका' असे लिहिले, कागद मालकीणबाईंना दिला आणि चहाचा पेला हातात घेतला. शाळेतली ती नोकरी तिने सात वर्षांपूर्वी, माझ्या तिसऱ्या बदलीच्या वेळी सोडली होती.