हरवलेला भाग घडविणारे हात

1928 सालच्या नोव्हेंबर महिन्यात फिलाडेल्फिया शहरातील फ्रँकलिन इन्स्टिट्यूट या विज्ञानसंस्थेच्या दाराशी एक मालमोटार येऊन थांबली आणि तिच्यातून, जॉन पेन ब्रॉक या तेथील धनिकाच्या वारसांनी देणगीदाखल दिलेल्या एका यंत्रपुतळ्याचे भग्नावशेष उतरविण्यात आले. पितळेचा तो ढिगारा पूर्वी कधीतरी आगीत सापडला असावा असे दिसत होते. पुतळा लिहीत असे आणि चित्रेही काढीत असे, एवढी आठवण घराण्यात उरली होती. तो मेल्झेल नामक यंत्रज्ञाने फ्रान्समध्ये घडविला, अशी त्या कुटुंबाची समजूत होती.

संस्थेने पुतळा दुरुस्त करण्याचे काम चार्ल्स रॉबर्ट्स या आपल्या कुशल यंत्रकारागिराच्या स्वाधीन केले. त्या कामाचे मर्म कळण्यासाठी पुतळ्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. कमानीच्या जोरावर फिरणाऱ्या, वेड्यावाकड्या कडांच्या पितळी तबकड्या बैठकीत बसविलेल्या असून, त्या कडांवरून पोलादाची तीन बोटे सरकतात, आणि त्या बोटांची हालचाल तरफा व दांडे यांच्या द्वारे पुतळ्याच्या हातापर्यंत पोचून लेखणी डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली फिरते. कडेवरचा प्रत्येक उंचवटा म्हणजे कागदावरील रेषेचे एकेक वळणच होय. म्हणून अशा यंत्राचा निकामी झालेला भाग नव्याने करणाऱ्याला स्वतःच्या कल्पनेला आवर घालावा लागतो: शेजारच्या भागावरची झीज, रिकामे राहिलेले भोक, आसाची जाडी यांची साक्ष काढून हरवलेल्या तुकड्याचा आकार ठरवायचा, आणि मग कानस अशा बेताने चालवायची की मूळ कारागिराच्या हेतूत केसभरही फरक पडू नये. परक्या हाताशी इतके एकनिष्ठ राहणे मला स्वतंत्र निर्मितीहून कठीण वाटते.

पुतळा पुन्हा चालू लागला आणि त्याने चार चित्रे व तीन कविता कागदावर उतरविल्या. त्यांतील अखेरच्या कवितेभोवतीच्या चौकटीत, हे मायार्देच्या यंत्रपुतळ्याने लिहिले आहे, अशा अर्थाची फ्रेंच अक्षरे उमटली! इ. स. 1800 च्या सुमारास लंडनमध्ये काम करणाऱ्या हेन्री मायार्दे या स्विस कारागिराच्या कर्तृत्वाचा दाखला, घराण्याची समजूत खोडून काढून, त्याच्या यंत्रानेच दिला. दुरुस्ती करणाऱ्याने एखादी कड आपल्या मर्जीने सुधारली असती तर हा दाखला कायमचा बुडाला असता.

टिपू सुलतानाच्या लाकडी वाघाची हकीकत आठवली की अशा एकनिष्ठेचे मोल विशेष जाणवते. 1799 साली श्रीरंगपट्टण पडल्यावर लुटीत सापडलेला हा वाघ 1808 पासून लंडनला कंपनी सरकारच्या कचेरीत ठेवलेला होता. दांडा फिरविला की त्याच्याखाली पडलेल्या युरोपियनाचा हात हले, तो विव्हळे आणि वाघ गुरगुरे. प्रेक्षक तो दांडा इतका फिरवीत की शेजारच्या ग्रंथालयातील वाचक त्रासून जात. पुढे तो दांडाच नाहीसा झाला. दुसऱ्या महायुद्धात, तेव्हा तो जेथे ठेवलेला होता त्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे छत कोसळून वाघाच्या लाकडी कवचाचे शेकडो तुकडे झाले, ते मोठ्या निगुतीने सांधून 1947 पर्यंत वाघ पुन्हा मांडण्यात आला. लाकूड असे जुळले. परंतु वाघाच्या पोटातील बाजाच्या नळ्या दुरुस्तीच्या नावाखाली अशा बदलल्या गेल्या आहेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे, की टिपूच्या महालात तो कोणत्या सुरात वाजत असे हे आज सांगता येत नाही.