हट्ट, चिकाटी आणि इंग्रजी विशेषणे : कात्रज जलयोजनेच्या संदर्भात

इतिहासविषयक इंग्रजी लेखनात हट्टाची विशेषणे अनेकदा समानार्थी मानली जातात. वस्तुतः ‘ऑब्स्टिनेट’ म्हणजे योग्य सल्लाही न मानणारा. हा दोषारोप होय. ‘रेझोल्यूट’ निर्णयातील दृढता, तर ‘परसिस्टंट’ दीर्घकाळ नेटाने चालविलेला प्रयत्न सूचित करते.

नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत (१७४०–१७६१) कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळातून पुण्यातील हौदांत आणले गेले. या बांधकामाचे अवशेष नेटाच्या श्रमांची साक्ष देतात. पेशव्यांच्या मनोवृत्तीची नव्हे. म्हणून ‘परसिस्टंट’ हे विशेषण त्या श्रमांना लावता येते. पेशव्यांना ‘ऑब्स्टिनेट’ वा ‘रेझोल्यूट’ म्हणावयाचे तर समकालीन कागदपत्रांचा आधार हवा. विशेषण हाही इतिहासकाराचा निवाडाच असतो आणि निवाड्यास पुरावा लागतो.