65 गॅलन पेट्रोल गेलं कुठे?

आजचा एपिसोड हरवलेल्या पेट्रोलचा आहे.

साल 1980 च्या आसपासचं. टेक्सस रिसर्च इन्स्टिट्यूटमधले संशोधक अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटसाठी, म्हणजे तेल कंपन्यांच्याच संघटनेसाठी, एक प्रयोग करत होते. जमिनीचं मोठं मॉडेल बनवून त्यात 65 गॅलन, साधारण 246 लिटर, पेट्रोल ओतलं. मग साबणासारखं रसायन सोडून ते परत मिळवायचा प्रयत्न केला. हिशोब लागला फक्त 8 गॅलनचा! बाकीचं 57 गॅलन? पत्ताच नाही. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला असं काही दिसलं की झोप लागत नाही.

बाहेर तेव्हा परिस्थिती गंभीर होत चालली होती. अमेरिकेत पेट्रोल पंपांखाली पुरलेल्या लोखंडी टाक्या गंजून गळत होत्या. रोज थोडं थोडं, कुणाला कळणारही नाही असं. पेट्रोलमधल्या बेन्झीनने कॅन्सर होतो, आणि तेच लोकांच्या विहिरींत उतरत होतं. डिसेंबर 1983 मध्ये '60 मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमाने हे घराघरांत पोचवलं. 1984 मध्ये कायदा झाला. पुढे मोजदाद झाली तेव्हा कायद्याखाली येणाऱ्या टाक्या निघाल्या 20 लाखांच्या आसपास.

आता ही माती साफ कशी करायची? खणून ट्रकमध्ये भरायची म्हटलं, तर वर पंप, दुकान, रस्ता. म्हणून व्हेपर एक्स्ट्रॅक्शन. बोअर घ्यायची, तिच्यात फटी पाडलेला पाइप सोडायचा आणि वर ब्लोअर लावून जमिनीतली हवा ओढायची. पेट्रोल मुळातच उडणारं, पंपावर नाकात शिरतो ना तो वास, तोच. मातीच्या कणांमधून हवा खेळू लागली की पेट्रोलची वाफ होते आणि पाइपातून वर येते. ती तशीच सोडली तर जमिनीतली घाण फक्त हवेत गेली, म्हणून ती कार्बनच्या फिल्टरमधून न्यायची किंवा जाळायची. वाळूत हे झकास चालतं. चिकणमातीत हवा शिरताना रडते. आणि पाण्याच्या पातळीखाली ब्लोअरचं काही चालत नाही.

तर, त्या 57 गॅलनकडे येऊ. संशोधकांनी पुढे नळकांड्यांत माती भरून पेट्रोलची वाफ कशी पसरते ते मोजायला घेतलं. त्यातून निघालं भलतंच: इंधनातला 38 टक्क्यांपर्यंत भाग मातीतल्या जिवाणूंनी फस्त केला होता! त्यांना हवा होता फक्त ऑक्सिजन.

आणि ऑक्सिजन तर ब्लोअर आपसूकच आत आणत होता. याचा खरा कस लागला युटामधल्या हिल हवाई तळावर. जानेवारी 1985 मध्ये तिथे सुमारे 27,000 गॅलन, म्हणजे लाखभर लिटर, जेपी-4 सांडलं. हे विमानाचं इंधन म्हणजे रॉकेल आणि पेट्रोल यांच्या मधलं मिश्रण. डिसेंबर 1988 मध्ये व्हेपर एक्स्ट्रॅक्शन सुरू झालं. नशीब, तिथल्या लोकांनी बाहेर येणाऱ्या हवेत नुसती इंधनाची वाफ नाही मोजली, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडही मोजला. आकडे सांगत होते की खाली जेवण चालू आहे.

मग त्यांनी काय केलं? 1989 मध्ये ब्लोअरचा जोर कमी केला! हवा हळू ओढली की वाफ कमी येते, तिच्यावर प्रक्रिया करायचा खर्च घटतो आणि जिवाणूंना निवांत खायला मिळतं. कोरड्या मातीत ओलावाही सोडला. या पद्धतीला नाव पडलं बायोव्हेंटिंग.

काही लोक याचा अर्थ 'निसर्ग आपोआप सगळं साफ करतो' असा लावतात. मला ते पटत नाही. जिवाणू तिथे आधीपासून होते, पण सांडलेल्या इंधनाने जवळचा ऑक्सिजन संपला की त्यांचं काम मंदावतं. पाइप आणि ब्लोअर नसते तर ते उपाशीच बसले असते, समोर ताट वाढलेलं असूनही.

1992 पासून अमेरिकन हवाई दलाने हीच पद्धत शंभराहून जास्त ठिकाणी करून पाहिली.