थर्मामीटर गप्प राहतो तेव्हा

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण वैशेषिकांचं द्रवत्व पाहिलं. पाण्याचं द्रवत्व स्वाभाविक, तुपाचं अग्नीच्या संयोगानं आलेलं, असा तो भेद. पाणी गोठणं आणि वितळणं या दोन्हींचं कारण कणादांनी तेजाचा संयोग हेच दिलं आहे. ‘गोठायलाही तेज कसं काय, सर?’ हा प्रश्न आम्हाला वर्गात नेहमी यायचा. टीकाकारांनी त्यासाठी आकाशातल्या दिव्य तेजाचा आधार घेतला. पण तेज किती, हा मोजमापाचा प्रश्न त्या चर्चेत येत नाही. आज त्याच प्रश्नासाठी आपल्याला अठराव्या शतकातल्या ग्लासगोला जायचं आहे.

तिथल्या विद्यापीठात जोसेफ ब्लॅक रसायनशास्त्र शिकवत. त्या काळची सर्वसाधारण समजूत अशी, की बर्फ वितळण्याच्या टोकाला आलं की जराशी उष्णता आणखी दिली, की झालं पाणी. ब्लॅक यांची शंका अगदी साधी होती. तसं असतं तर ऊन पडल्याबरोबर डोंगरावरचं सगळं बर्फ एकदम वितळून खाली महापूर आले असते. प्रत्यक्षात ते कित्येक आठवडे रेंगाळतं. हे तिथल्या शेतकऱ्यालाही दिसत होतं; पण दिसणं आणि त्याचा प्रश्न होणं यांत अंतर असतं.

१७६१च्या हिवाळ्यात त्यांनी दोन सारखी काचपात्रं घेतली, दोन्हींत सारखंच पाणी. एकातलं गोठवलं, दुसऱ्यातलं ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत थंड केलं. मोठ्या रिकाम्या दालनात, ४७ अंशांच्या हवेत, दोन्ही टांगून ठेवली. साधं पाणी अर्ध्या तासात ७ अंश चढून ४० वर आलं. बर्फाच्या पात्राला तिथवर पोचायला साडेदहा तास लागले! म्हणजे २१ अर्धे तास. आता हिशेब बघा. २१ गुणिले ७, म्हणजे १४७ अंशांइतकी उष्णता आत गेली. त्यातले ३२ पासून ४० पर्यंतचे ८ अंश दिसले. उरलेले सुमारे १४० गेले कुठे? आजची मापनं १४४ सांगतात. खोलीची हवा आणि घड्याळ एवढ्या सामग्रीवर माणूस इतका जवळ पोचला.

गेले ते वितळण्यात. थर्मामीटर उष्णतेची तीव्रता दाखवतो, तिचं प्रमाण दाखवत नाही, हा भेद इथे पक्का झाला. आमच्या शाळेत त्याचा आलेख फळ्यावर काढत, मधली आडवी रेघ ‘पाठ करा’ म्हणून सांगत. त्या आडव्या रेघेतच सगळी गंमत होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

उकळण्याचंही तेच. ५० अंशांचं पाणी चुलीवर ४ मिनिटांत उकळू लागलं, पण पूर्ण आटायला २० मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ पारा जागचा हलला नाही. चहाचं आधण उकळू लागल्यावर गॅस मोठा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, बरं का! पुढे जेम्स वॉट यांना आढळलं, की थोडीशी वाफ आपल्या वजनाच्या सहापट पाणी उकळीला आणते. ते चकित होऊन ब्लॅक यांच्याकडे गेले, तेव्हा खुलासा तयारच होता.

ब्लॅक यांनी एप्रिल १७६२ मध्ये ग्लासगोच्या एका विद्वन्मंडळात हे सांगितलं, पुढे वर्षानुवर्षं शिकवलं, पण छापलं नाही. व्याख्यानं ग्रंथरूपात आली ती १८०३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. तोवर स्वीडनमध्ये विल्के स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर येऊन, १७७२ मध्ये तो प्रसिद्धही करून मोकळे झाले होते. शिवाय उष्णता हे एक द्रव्य आहे ही ब्लॅक यांची धारणा एकोणिसाव्या शतकात मोडीत निघाली. मोजलेला भेद मात्र टिकला. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो ‘अप्रकट उष्मा’ या नावानं येतो. सिद्धान्त चुकीचा आणि निष्कर्ष बरोबर, याचं आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना कोडं पडतं. त्यावर पुढच्या वेळी बोलू.

एक गोष्ट राहिली. १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाचं जहाज बोस्टनहून १८० टन तळ्यातलं बर्फ घेऊन निघालं. विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी ते कलकत्त्याला लागलं, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होतं. कातडी कमावून उरलेल्या, वाळवलेल्या सालीच्या थरानं बाहेरची उष्णता अडवली. जी आत शिरली तिला प्रत्येक शेर वितळवायला ते १४४ अंश मोजावे लागत होते.