मुंबई प्रांतातील अश्वशर्यती आणि पैजेचा कायदा : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
इंग्लंडमधील न्यूमार्केट हे मूळचे बाजाराचे गाव. सतराव्या शतकात राजा दुसरा चार्ल्स याच्या आश्रयाने ते अश्वशर्यतींचे व त्यांवरील पैजांचे केंद्र बनले. इंग्रजी सत्तेबरोबर ही करमणूक मुंबईत आली. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव हेही बाजाराचेच गाव असून तेथील कांदा लिलावात भावाची अनिश्चितता नित्याचीच आहे. मात्र लिलावात मालाची प्रत्यक्ष देवघेव होते, तर पैजेत केवळ अनिश्चित घटनेवर पैसा लावला जातो. व्यापार आणि पैज यांतील हा भेद कायद्याने मान्य केला. परंतु एका पैजेत व दुसऱ्या पैजेतही त्याने भेद केला. त्याचा आधार कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अश्वशर्यतींचा विस्तार :
मुंबईतील शर्यती प्रारंभी भायखळा येथे होत. १८८३ मध्ये महालक्ष्मी येथील मैदान तयार झाले. पावसाळ्यात शर्यती पुणे लष्कर भागात भरू लागल्या. त्यांचे नियमन करणाऱ्या वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबला १९३५ मध्ये 'रॉयल' ही उपाधी मिळाली. प्रारंभी युरोपीय अधिकाऱ्यांपुरत्या असलेल्या या क्षेत्रात पुढे संस्थानिक व धनिक व्यापारीही आले.

कायद्याची दुहेरी भूमिका :
१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो. मात्र घोड्यांच्या शर्यतीतील पाचशे रुपये किंवा त्याहून अधिक रकमेच्या बक्षिसासाठी दिलेली वर्गणी त्याच कलमाने वैध ठरवली. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत पुढे पावसावरील पैजही आली. याउलट, परवानाप्राप्त मैदानातील ठरावीक आवारात शर्यतीच्या दिवशी लावलेली पैज 'जुगार' या व्याख्येतून वगळली गेली. १९१२ च्या कायद्याने शर्यतीच्या मैदानांना परवाना आवश्यक केला, तर १९२५ च्या कायद्याने पैजेवर कर बसविला. तात्पर्य, एकीकडे जो व्यवहार दंडनीय होता, तोच दुसरीकडे महसुलाचे साधन झाला.

स्वातंत्र्योत्तर काळ :
स्वातंत्र्यानंतरही ही चौकट टिकून राहिली. १९९६ मध्ये तामिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अश्वशर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. घोड्याची वंशावळ, पूर्वीची कामगिरी, जॉकीचे प्रावीण्य इत्यादींचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, हा त्यामागील विचार होय. परंतु हा तात्त्विक आधार स्पष्ट होण्यापूर्वीच परवाना व कर यांची व्यवस्था कित्येक दशके रूढ झाली होती, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
पावसाकडे डोळे लावून बसणे हा शेतकऱ्याचा जीवनक्रम आहे. आकाशाची लक्षणे, वारा व मागील अनुभव यांवरून तोही अंदाजच बांधतो. तरीही पावसावरील पैज गुन्हा ठरली आणि घोड्यावरील पैजेस संरक्षण मिळाले. केवळ कौशल्याच्या निकषाने या भेदाचे पूर्ण स्पष्टीकरण होत नाही. पैज कोठे, कोणाच्या देखरेखीखाली आणि शासनास कर देऊन लावली जाते की नाही, या बाबीही तितक्याच निर्णायक ठरल्या. म्हणून जुगारविषयक कायद्यांचा इतिहास केवळ नीतिविचाराचा नव्हे, तर सत्ता, वर्ग व महसूल यांच्या परस्परसंबंधांचाही इतिहास आहे, असे म्हणता येईल.