ऊर्जा रुळांत की गाडीत? ठोकळ्यांची आगगाडी आणि भंडाऱ्याचे मँगनीज

१/
संपलेला सेल फोडून पाहणाऱ्या मुलाची बोटे हमखास काळी होतात. बाहेर जस्ताची डबी, मधोमध कार्बनची कांडी आणि दोहोंच्या मध्ये ठासून भरलेला काळा मसाला. या मसाल्यातील मुख्य द्रव्य म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. सेलच्या उद्योगाला लागणारे हे खनिज भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील खाणीतून निघते. खेळण्यातील आगगाडीचा इतिहास या काळ्या भुकटीला वगळून सांगता येत नाही.

२/
लेगोच्या ठोकळ्यांची मोटरवर धावणारी आगगाडी १९६६ मध्ये बाजारात आली. तेव्हापासून तिच्या रुळांचे माप जवळपास तेच राहिले, परंतु तिला चालविणारी शक्ती अनेकदा बदलली. प्रत्येक बदलाच्या मुळाशी एकच प्रश्न होता. गाडी चालविण्याचा खर्च कोठे बसवावा, रुळांत की गाडीत?

३/
आरंभ सेलपासून करणे योग्य ठरेल. १८६६ मध्ये जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांच्या जोडीवर चालणारा विद्युतघट सिद्ध केला. जस्त इलेक्ट्रॉन देते, मँगनीज डायऑक्साइड ते स्वीकारते आणि मधल्या तारेतून प्रवाह वाहतो. मात्र हा घट काचेच्या बरणीत असे व त्यात द्रावण असे. तो कलंडला की सारेच संपले.

४/
पुढे १८८० च्या दशकात जर्मनीतील कार्ल गासनर याने द्रावणाऐवजी ओलसर लगदा वापरून कोरडा सेल तयार केला. अमेरिकेत १८९६ मध्ये ‘कोलंबिया’ नावाचा कोरडा सेल सर्वसामान्य ग्राहकांसाठी मोठ्या प्रमाणावर विक्रीस आला. वीज आता हातात धरून नेता येऊ लागली. पुढील काळात खेळण्याच्या डब्यात मोटर बसली ती याच सोयीच्या बळावर.

५/
योगायोग असा की, त्याच १८९६ या वर्षी मध्य प्रांतात ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ ही ब्रिटिश संस्था खनिजांच्या शोधासाठी उभी राहिली. नागपूर, भंडारा व बालाघाट या पट्ट्यातील मँगनीजच्या खाणी तिच्याच वारसदार कंपनीच्या हाती होत्या. १९६२ मध्ये भारत सरकारशी झालेल्या करारानुसार ही मालमत्ता नव्या भारतीय कंपनीकडे आली. तीच आजची ‘मॉयल’. १९७७ मध्ये उरलेला ४९ टक्के ब्रिटिश हिस्साही सरकारने घेतला.

६/
भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात मॉयलच्या दोन खाणी आहेत. चिखला येथे भूमिगत, तर डोंगरी बुजुर्ग येथे उघड्यावरची. भारतातील बहुतेक मँगनीज पोलादाच्या भट्टीत जाते. डोंगरी बुजुर्गचे वैशिष्ट्य वेगळे आहे. तेथे डायऑक्साइड स्वरूपातील खनिज मिळते आणि ते कोरड्या सेलच्या उद्योगाला उपयोगी पडते. हे खनिज तुमसर रोड ते तिरोडी या शाखामार्गाने बाहेर पडे. खऱ्या मालगाडीत खेळण्यातल्या गाड्यांची शिदोरी भरली जात होती असे म्हटले, तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

७/
डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यात ओले किर्क क्रिस्तियान्सेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळण्यांचा उद्योग आरंभला. आज सर्वपरिचित असलेल्या ठोकळ्याच्या जोडणीचे पेटंट २८ जानेवारी १९५८ चे आहे. त्यानंतर आठ वर्षांनी ४.५ व्होल्टची मोटर असलेली आगगाडी आली. निळे प्लास्टिकचे रूळ आणि गाडीबरोबरच धावणारी सेलची पेटी, अशी तिची रचना होती. ४.५ व्होल्ट म्हणजे दीड व्होल्टचे तीन सेल. अर्थात या गाडीचे खरे इंधन मँगनीज डायऑक्साइड हेच होते. एखाद्या विशिष्ट गाडीतील सेलमध्ये नेमके कोणत्या खाणीचे खनिज होते हे सांगता येणार नाही. त्या रसायनाशिवाय मात्र ती जागची हलली नसती.

८/
या व्यवस्थेत रूळ स्वस्त होते, कारण ते निव्वळ प्लास्टिकचे. हवे तेवढे वाढवावेत. खर्च होता तो सेलचा आणि तो कधी संपत नसे. जस्त-कार्बनच्या सेलची एक खोड अशी की, सतत भार पडला की त्याचा दाब उतरतो आणि विश्रांती मिळाली की थोडा सावरतो. सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरण्याची जी युक्ती भारतातील घराघरांत चाले, तिच्यामागे हेच रसायन आहे. विश्रांतीच्या काळात मँगनीज डायऑक्साइड आतील अडथळा काही अंशी दूर करते.

९/
सेलच्या या नित्य खर्चावर १९६९ मध्ये उपाय निघाला. १२ व्होल्टच्या नव्या रचनेत घरातील वीज ट्रान्सफॉर्मरमधून उतरवून रुळांपर्यंत आणली गेली. चाकांच्या दोन रुळांच्या मधोमध वीजवाहक पट्ट्या बसविल्या आणि मोटर त्यांवरून वीज घेऊ लागली. १९८० मध्ये दुरून बदलता येणारे सांधे आणि सिग्नलही आले. गाडी थकेनाशी झाली. मात्र प्रारंभीची किंमत चढली, कारण आता रुळाच्या प्रत्येक तुकड्याबरोबर वाहक पट्टीचे मोलही द्यावे लागे.

१०/
येथे खर्चाचा मूळ नियम स्पष्ट होतो. ऊर्जा रुळांतून दिली तर खर्च मार्गाच्या लांबीनुसार वाढतो. ऊर्जा गाडीत ठेवली तर खर्च गाड्यांच्या संख्येनुसार वाढतो. लहान वर्तुळ आणि पुष्कळ गाड्या असतील तर पहिला मार्ग परवडतो. लांबलचक मार्ग आणि एखादीच गाडी असेल तर दुसरा.

११/
हाच नियम खऱ्या रेल्वेलाही लागू आहे आणि त्याचे उदाहरण भंडारा जिल्ह्यातच सापडते. मुंबई-नागपूर-हावडा हा मुख्य मार्ग वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून आणि देव्हाडीच्या तुमसर रोड स्थानकावरून जातो. गाड्यांची रहदारी इतकी की, खांब आणि तारा उभारण्याचा खर्च अनेक गाड्यांत वाटला जातो. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे विद्युतीकरण झाले. तिरोडीच्या शाखेवर गाड्या मोजक्या. तेथे वीज बऱ्याच वर्षांनी पोहोचली आणि तोवर डिझेल इंजिन आपले इंधन आपल्या पोटात घेऊन धावत राहिले. तारांचे इंजिन म्हणजे १२ व्होल्टची गाडी, डिझेलचे इंजिन म्हणजे सेलची गाडी.

१२/
१९९१ मध्ये लेगोने दोन्ही जुन्या रचना बाजूला सारून ९ व्होल्टची गाडी आणली. मधल्या पट्ट्या गेल्या. चाकांच्या रुळांवरच धातूचा पातळ मुलामा आला आणि चाकांतूनच मोटरला वीज मिळू लागली. रचना देखणी होती, गाडीत सेलचे ओझे नव्हते, गती हातातील बटणाने कमीजास्त करता येई. हौशी मंडळी आजही या काळाची आठवण काढतात.

१३/
तिच्यात दोन अडचणी होत्या. पहिली विद्युतशास्त्राची. एक रूळ धन आणि दुसरा ऋण असल्यामुळे, मार्ग वळवून पुन्हा त्याच मार्गाला जोडला की धन रूळ ऋण रुळाला भिडे आणि शॉर्टसर्किट होई. दुसरी अडचण पैशाची. मुलामा दिलेला प्रत्येक तुकडा साध्या प्लास्टिकपेक्षा महाग पडे आणि तो तयार करणारी यंत्रसामग्रीही खास लागे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी, २००३-०४ च्या सुमारास, लेगो कंपनी स्वतःच गंभीर आर्थिक संकटात सापडली होती. अशा वेळी प्रत्येक महागड्या भागाचा हिशेब नव्याने मांडला जाणे अटळ होते.

१४/
२००६ मध्ये प्लास्टिकचे रूळ आणि गाडीतील सेल पुन्हा आले. या वेळी सोबतीला रिमोट होता. २००७ मध्ये ९ व्होल्टच्या गाड्या बंद करण्याची घोषणा झाली आणि हौशी वर्गात मोठी नाराजी पसरली. ज्यांनी वर्षानुवर्षे पैसे साठवून धातूचे रूळ जमविले होते, त्यांची गुंतवणूक एका निर्णयाने जुन्या बाजाराच्या हवाली झाली. चाळीस वर्षांच्या प्रवासानंतर गाडी जेथून निघाली तेथेच, म्हणजे सेलपाशी, परतली होती.

१५/
सेल मात्र तोच राहिला नव्हता. लुईस उरी या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याच्या कामातून सिद्ध झालेला अल्कलाइन सेल १९५९ पासून बाजारात होता. त्यात जस्ताची पूड आणि अल्कधर्मी द्रावण असते. मँगनीज डायऑक्साइड मात्र कायम आहे. फरक शुद्धतेचा. जस्त-कार्बन सेलला नैसर्गिक खनिज चालते, तर अल्कलाइन सेलला विद्युत विघटनाने मिळविलेले अतिशुद्ध डायऑक्साइड लागते. त्यासाठी खनिजातील मँगनीज सल्फ्युरिक आम्लात विरघळवितात, अशुद्धी काढतात आणि प्रवाह सोडून धनाग्रावर त्याचा थर बसवितात.

१६/
मॉयलने डोंगरी बुजुर्ग येथेच स्वदेशी तंत्रावर असा विद्युत विघटनाचा कारखाना उभारला. खाणीतून निघालेला दगड केवळ वाघिणीत भरून पाठवायचा, की जागीच त्याचे मोल वाढवायचे, या जुन्या प्रश्नाला भंडाऱ्याने दिलेले हे एक उत्तर होते. खनिजसंपन्न जिल्ह्यांच्या इतिहासात असे उत्तर नेहमी मिळत नाही.

१७/
अलीकडच्या गाड्यांत बहुधा पेन्सिल सेलहून लहान असे सहा ‘ट्रिपल ए’ सेल लागतात. दीड गुणिले सहा, म्हणजे ९ व्होल्ट. २०१८ पासूनच्या रचनेत ही पेटी ब्लूटूथने मोबाइलशीही जोडता येते. सेलचे वजन निरुपयोगी नसते. ते चालक चाकांवर पडले तर चाके घसरत नाहीत. खरे इंजिन जड असण्याचे एक कारण तेच.

१८/
किमतीच्या इतिहासातील पुढचे पाऊल अधिक चतुर होते. २००९ च्या ‘एमराल्ड नाइट’ या वाफेच्या गाडीच्या संचात मोटर नव्हती, तिच्यासाठी जागा तेवढी राखलेली होती. २०२० च्या स्विस ‘क्रोकोडाइल’ इंजिनाचीही तीच गोष्ट. मुलांसाठीच्या गाड्यांत मोटर खोक्यातच मिळते. प्रौढ हौशींच्या संचांत मात्र ती वेगळी विकत घ्यावी लागते. पुष्कळ ग्राहक गाडी कपाटात मांडून ठेवतात. मोटर बाजूला काढल्याने त्यांना संच थोडा स्वस्त पडतो. ज्याला गाडी धावती हवी, तो मोटर, सेलची पेटी आणि रिमोट यांचे पैसे निराळे मोजतो.

१९/
भारतात या हिशेबावर आणखी एक मजला चढतो. खेळण्यांवरील आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. म्हणजे शंभर रुपयांचे परदेशी खेळणे बंदर ओलांडतानाच १७० रुपयांचे होते, इतर कर निराळे. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्रही अनिवार्य आहे आणि विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी स्वतंत्र मानक आहे. वस्तू व सेवा करातही इलेक्ट्रॉनिक खेळण्यांचा दर साध्या खेळण्यांपेक्षा अधिक आहे. स्वदेशी उद्योगाला संरक्षण हा या धोरणाचा हेतू. हौशी मुलाच्या दृष्टीने मात्र गाडीला मोटर बसविणे म्हणजे तिला एका महागड्या वर्गात बसविणे होय.

२०/
म्हणून आजचा हौशी इतिहासातील तोच नियम स्वतःच्या खोलीत लावून पाहतो. १६ वक्र तुकड्यांचे एक वर्तुळ आणि एक गाडी असेल, तर अल्कलाइन सेलचा वारंवार येणारा खर्च टाळण्यासाठी तो पुन्हा भरता येणारे निकेलचे सेल घेतो. त्यांचा दाब १.२ व्होल्ट. सहा मिळून ७.२. गाडी जराशी मंदावते, पण तेच सेल शेकडो वेळा वापरता येतात. या सेलमध्ये मँगनीज डायऑक्साइडचा मसाला नसतो. जेथे बचत होते, तेथे भंडाऱ्याचे खनिज मागे पडते.

२१/
तंत्रज्ञान बदलले की कोणाची तरी गुंतवणूक जुनी होते. २००७ मध्ये ती धातूचे रूळ जमविणाऱ्यांची झाली. उद्या ती कोरड्या सेलसाठी खनिज काढणाऱ्या खाणीची होऊ शकते. लिथियम बॅटरीच्या काही प्रकारांतही मँगनीज लागते, त्यामुळे या खनिजाचा काळ सरला असे मानण्याचे कारण नाही. मात्र ती संधी तुमसर तालुक्याच्या वाट्याला येणे, खनिज जागीच शुद्ध करण्याची क्षमता वाढते की नाही, यावर अवलंबून राहील.

२२/
डोंगरी बुजुर्गहून कच्चे खनिज गाडीने बाहेर जाते. त्याच रसायनावर धावणारी छोटी गाडी सात समुद्र ओलांडून, शुल्क भरून, कित्येक पट मोलाने परत येते. या दोन गाड्यांच्या किमतींत जे अंतर आहे, त्याचेच नाव औद्योगिक इतिहास.