परदेशी उपदेशकांची उमेदवारी



कोकणातून देशावर चढणाऱ्या जुन्या वाटा शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांतून जातात. थळघाट, माळशेज आणि नाणेघाट ही त्यांची नावे आपणा सर्वांस परिचित आहेत. आपले खर्डी हे थळघाटाच्या वाटेवरचे गाव. मीठ वाहणारे बैल, नाशिक-त्र्यंबकचे यात्रेकरू, पेशवाईतले जासूद आणि पुढे इंग्रजांच्या पलटणी अशा सर्वांनी ह्या वाटा तुडविल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून ह्या प्रवाशांत आणखी एकाची भर पडली. तो म्हणजे परदेशी उपदेशक. आपल्या लोकांनी त्याला ‘पाद्री’ म्हटले, त्याच्याशी वाद घातला, त्याच्या शाळेत मुले धाडली आणि पुष्कळदा त्याच्यापासून मुलांना जपलेही.

ह्या पाद्र्यांविषयी आपल्याकडे दोन ठरीव मते आढळतात. एक, त्यांनी आम्हांस शहाणे केले. दुसरे, ते आम्हांस बाटविण्यास आले. दोन्ही मतांत पाद्री हा शिकविणारा आणि आपण शिकणारे, असे गृहीत धरलेले आहे. विसाव्या-पंचविसाव्या वर्षी घरदार सोडून आलेला हा तरुण इथे दिवसभर करीत काय असे, हे जर आपण पाहिले, तर हे गृहीत कितपत खरे आहे ह्याचा उलगडा होतो. त्यासाठी दोन टोळ्यांची हकीकत आपल्यापुढे मांडतो. दोन्ही अमेरिकेशी निगडित. दोघींच्या आगमनात चाळीस वर्षांचे अंतर. फळ मात्र अगदी निराळे.

आधी नंतरची टोळी घेऊ, कारण तिची कथा थोडक्यात संपते. अमेरिकेत 1830 साली जोसेफ स्मिथ ह्याने एक नवा ख्रिस्ती पंथ स्थापिला. ‘मॉर्मन ग्रंथ’ हा त्यांचा बायबलाखेरीजचा धर्मग्रंथ. त्यावरून लोक त्यांना मॉर्मन म्हणू लागले. स्मिथचा 1844 साली जमावाने खून केला. पुढे 1847 मध्ये ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली हे लोक वाळवंट तुडवीत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात जाऊन वसले. ह्या पंथात उपदेशाचे काम पगारी धर्मगुरूंवर सोपविलेले नाही. साधा शेतकरी, सुतार, कारकून ह्यांना बोलावणे येई आणि त्यांनी परदेशी निघावयाचे. ही चाल आजही टिकून आहे. त्यांचे तरुण साधारण दोन वर्षे, बहुधा स्वतःच्या वा कुटुंबाच्या खर्चाने, नेमून दिलेल्या मुलखात राहतात. सकाळी लवकर उठणे, ग्रंथवाचन, तिथल्या भाषेचा अभ्यास आणि मग जोडीजोडीने लोकांच्या भेटी घेत हिंडणे, असा त्यांचा दिनक्रम असतो.

1852 च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक येथे भरलेल्या सभेत नऊ जणांना हिंदुस्थानचे आणि चौघांना सयामचे बोलावणे आले. हे तेरा जण सॅन फ्रान्सिस्कोहून ‘मॉन्सून’ नावाच्या जहाजाने निघाले आणि 1853 च्या एप्रिल अखेरीस कलकत्त्यास उतरले. त्याच महिन्यात मुंबई-ठाणे ही आगगाडी सुरू झाली होती. त्यांतला एमस मिल्टन मसर जहाजात बसला तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. नियम असा की जवळ पैसा किंवा शिदोरी बाळगावयाची नाही. जेथे जाल तेथील लोक जे देतील त्यावर राहावयाचे. भिक्षेवर जगणारा साधू आपल्या देशास नवा नाही. परंतु गोऱ्या माणसाने सरकारी पाठबळावाचून आणि रिकाम्या खिशाने दारी उभे राहावे, हे दृश्य कंपनी सरकारच्या राज्यात विलक्षणच होते.

मुंबईत त्यांच्याही आधी, 1852 साली, ह्याच पंथाचा ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश उपदेशक विलायतेहून येऊन पोहोचला होता. तो पुण्यास गेला. तिथल्या लष्करी छावणीत त्याला उपदेशाची मनाई झाली, कारण शिपायांत नव्या पंथाची चळवळ अधिकाऱ्यांना नको होती. मग तो छावणीबाहेर राहिला, पुण्यात त्याने एक लहानशी मंडळी जमविली, मराठीच्या अभ्यासास हात घातला आणि मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. ह्या सर्वांत त्याचीच नजर काही प्रमाणात मराठी माणसाकडे वळली होती. बाकीच्यांचे बहुतेक श्रोते युरोपियन आणि त्यांतही सैनिक होते.

हा उद्योग थोड्याच वर्षांत आटोपला. 1856 पर्यंत हे सर्व उपदेशक हिंदुस्थान सोडून गेले. आगगाडी तेव्हा कोठे वासिंदपर्यंत येऊन थांबली होती. त्यांच्या अपयशाची कारणे शोधणे कठीण नाही. ज्या सभेत त्यांना बोलावणे आले, तिच्यातच पंथाने बहुपत्नीत्वाची चाल जाहीरपणे मान्य केली होती. ती बातमी वर्तमानपत्रांतून इथल्या गोऱ्या समाजात पसरली आणि दारे बंद झाली. दुसरे कारण अधिक खोल आहे. त्या काळी पंथाची शिकवण अशी होती की अनुयायाने आपला देश सोडून सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन राहावे. शेतात, कुळात, जातीत आणि गावकीत गुंतलेल्या माणसाला ही गोष्ट सांगणे म्हणजे झाडाला चालावयास सांगण्यासारखे होते. आणि तिसरे कारण भाषेचे. लोकांची बोली आत्मसात होण्यापूर्वीच निघण्याची वेळ आली. ह्या तरुणांच्या धैर्याविषयी शंका नाही. पण ते ह्या भूमीवर पाहुण्यासारखे आले आणि पाहुण्यासारखे गेले.

आता आधीची टोळी पाहू. 11 फेब्रुवारी 1813 रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन तरुण मुंबईस उतरले. हॉल अठ्ठावीस वर्षांचा, नॉट त्याहून लहान. पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या संस्थेचा हा आरंभ. त्यांचेही स्वागत गोड झाले नाही. कंपनी सरकारला उपदेशक नको होते. शिवाय इंग्लंड-अमेरिकेत त्या वेळी युद्ध चालू होते. गव्हर्नर सर इव्हान नेपियन ह्यांजकडे त्यांना परत धाडण्याचा हुकूम आला. दोघे गुपचूप गलबतात बसून कोचीनपर्यंत गेले, तेथून त्यांस परत आणले गेले. अखेरीस 1813 साल संपता संपता त्यांस राहण्याची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी विलायतेत कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण होऊन उपदेशकांना वाट मोकळी झाली होती.

राहण्याची परवानगी मिळाली. पण बोलणार काय? येथे त्यांची खरी उमेदवारी सुरू झाली. व्याकरण सांगणारे सोयीचे पुस्तक हाताशी नाही, भरवशाचा मोठा कोश नाही; मोल्सवर्थचा कोश निघावयास 1831 साल उजाडावयाचे होते. तेव्हा पंडितापुढे बसून अक्षरे गिरवावयाची आणि तेच शब्द घेऊन रस्त्यावर, देवळाच्या आसपास, बाजारात लोकांशी बोलावयाचे. लोक हसत, उलट प्रश्न विचारीत. प्रत्येक शब्दाला इथला अर्थ आधीच चिकटलेला असे. उपदेशकाने ‘नवा जन्म’ म्हणावे, तो ऐकणाऱ्यास पुनर्जन्म आठवावा! ‘देव’ म्हणावे, तर कोणता देव असा प्रश्न यावा. म्हणजे आपला धर्म सांगण्यासाठी त्यास आधी समोरच्याचा धर्म समजून घ्यावा लागे. शिकवणीचा हा उलटा क्रम कोणत्याही धर्मशाळेत त्याला शिकविलेला नव्हता.

शाळांचेही तसेच. मिशनने मुलांच्या शाळा काढल्या त्या इथल्याच पंतोजींच्या हाताने. पंतोजी कित्येकदा ब्राह्मण असे, कधी बेने इस्रायल. पोराला अक्षर यावे, हिशेब यावा, म्हणून बाप त्यास शाळेत घाली. पुस्तकातला धर्म हा त्याबरोबर सोसावयाचा भाग. शाळेचा हेतू मिशनचा एक आणि पालकांचा दुसरा. तरीही शाळा चालली, कारण दोघांनाही ती हवी होती. 1824 साली मुंबईत मिशनने मुलींची शाळा काढली. आपल्या ठाण्यासही 1818 पासून जॉन निकल्स हा मिशनचा तरुण उपदेशक राहत होता. तो 1824 साली वारला.

ह्या लोकांची किंमत केवळ कष्टांनी ठरवू नये. पण कष्ट विसरूही नयेत. सॅम्युएल न्यूवेल हा त्यांचा सोबती मुंबईस पोहोचण्यापूर्वीच, 1812 मध्ये, त्याची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट मॉरिशस बेटावर वारली. तो स्वतः 1821 साली मुंबईत पटकीने गेला. नॉट प्रकृती ढासळून 1815 मध्येच परतला. हॉलने 1825 साली मुलांच्या प्रकृतीसाठी पत्नी व दोन मुलगे अमेरिकेस धाडले. त्यांतला थोरला समुद्रातच दगावला. हॉल मात्र मागे राहिला. पुढल्या मार्च महिन्यात तो नाशिकला गेला. तेथे पटकीचा कहर चालू होता. जवळची औषधे त्याने लोकांना वाटली आणि परतीच्या वाटेवर एका खेड्यात 20 मार्च 1826 रोजी तोच पटकीने मरण पावला. त्याच वर्षी बायबलाच्या नव्या कराराचे मिशनचे मराठी भाषांतर छापून झाले. त्या कामात त्याचा मोठा वाटा होता.

मग तेरा वर्षांच्या ह्या उमेदवारीचे फळ काय? धर्मांतराच्या मापाने पाहिले तर हॉलच्या हयातीत जवळजवळ काहीच नाही. फळ धरले ते भलत्याच झाडाला. मिशनने आणलेल्या छापखान्यातून 1817 साली पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली. त्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि छापील मराठी पंचांग घरोघर नेले. तिथेच लहानपणी उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी 1869 साली ‘निर्णयसागर’ काढला, आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध व सुबक आवृत्त्यांसाठी तो छापखाना जगभर नावाजला. ज्या शास्त्रांचे खंडन करावयास टाइप आणला, तीच शास्त्रे त्या विद्येने छापली गेली. सभेतही तेच घडले. 1857 च्या आरंभी विष्णुबोवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी उभे राहून पाद्र्यांशी जाहीर वाद करू लागले. व्यासपीठावर उभे राहून मुद्देसूद बोलणे, प्रश्न घेणे, उत्तर देणे ही रीत आपल्या सार्वजनिक जीवनात रुजली ती अशा झटापटींतूनही. आज आपण ज्या वसंतातल्या व्याख्यानांस जमतो, त्यांच्या पूर्वजांत विष्णुबोवांना जागा आहे, आणि थोडीशी त्यांच्याशी वाद घालणाऱ्या पाद्र्यांनाही दिली पाहिजे.

ह्यावर कोणी म्हणेल की हेतू वाईट होता, तेव्हा आनुषंगिक लाभाचे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. आपल्या देवधर्माविषयी ह्या लोकांनी लिहिलेली कित्येक पाने आज वाचवत नाहीत. त्यांच्या मनात श्रेष्ठपणाची खात्री होती आणि ती अन्यायाची होती, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु इतिहासात हेतू आणि परिणाम ह्यांची मोजदाद निरनिराळी ठेवावी लागते. आणि आणखी एका माणसाची बाकी आपल्या वहीत राहून गेली आहे. तो म्हणजे ह्या पाद्र्यांना मराठी शिकविणारा पंडित, त्यांची शाळा चालविणारा पंतोजी. त्यांची नावे आपणांस बहुधा ठाऊकही नसतात. पाद्री ज्याच्यापुढे विद्यार्थी होऊन बसला तो हा माणूस. ‘त्यांनी आम्हांस शिकविले’ म्हणताना ह्याने त्यांना आधी शिकविले, हे विसरता कामा नये.

ही गोष्ट खर्डीस येऊन मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. ह्याच परिसरात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली ह्यांचे पाडे आहेत. शहरातली शिकलेली माणसे, शिक्षक, अधिकारी, कार्यकर्ते, व्याख्याते, तिथे जातात ती सांगावयास: शिका, दारू सोडा, दवाखान्यात या, कर्ज काढू नका. सांगणे चांगलेच असते. पण पाड्यावर घरात बोलली जाणारी बोली आपल्यापैकी किती जणांना येते? पहिलीत बसलेल्या कातकरी पोराला गुरुजींची पुस्तकी मराठी जवळजवळ परभाषेसारखी वाटत असेल, हे किती जणांच्या ध्यानात येते? आपणही त्या पाड्यांवर उपदेशकच असतो. दोन-तीन वर्षांची बदली संपली की परततो, आणि लोक ऐकत नाहीत म्हणून कुरकुरतो.

गॉर्डन हॉलच्या धर्माशी आपल्याला कर्तव्य नाही. पण बोलण्यापूर्वी वर्षानुवर्षे ऐकण्याची, हसू सोसून शब्द गिरवण्याची जी उमेदवारी त्याने ह्या मुलखात केली, ती परक्या माणसाने केली; आपण तर ह्याच मातीचे. ज्या शिक्षकाने पाड्यावर जाऊन आधी तिथली बोली, तिथली रानातल्या झाडांची नावे आणि तिथल्या माणसांच्या अडचणी शिकून घेतल्या, त्याच्या शाळेत पोरे टिकतात. असे शिक्षक ह्या तालुक्यांत वाढावेत, आणि आपण शहरवाल्यांनीही पाड्यावर जाताना प्रथम विद्यार्थी म्हणून जावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.